रेसिडेंट जेंकिन्सची मुत्सद्देगिरी आणि चांद्याचा मुलूख

पेशवाई बुडाली याचे आम्हाला तिळमात्र दुःख नाही. १ जानेवारी १८१८ चा भीमा कोरेगावचा संग्राम आमच्या स्वाभिमानाची खूण आहे. परंतु त्याच युद्धकाळात आमच्या चांदा-गडचिरोली मुलखाचे भवितव्य एका इंग्रज मुत्सद्द्याने ठरविले. त्या सर रिचर्ड जेंकिन्सचे चरित्र कार्यकर्त्यांनी अभ्यासले पाहिजे.

१७८५ साली जन्मलेला जेंकिन्स कोवळ्या वयात कंपनीच्या नोकरीत शिरला आणि १८१० साली नागपूर दरबारी रेसिडेंट झाला. दुसरे रघुजी भोसले तैनाती फौजेला शेवटपर्यंत नकार देत राहिले. मार्च १८१६ मध्ये ते वारले. गादीवर आलेला परसोजी कारभारास असमर्थ होता. दरबारातील गटबाजी जेंकिन्सने अचूक हेरली. आप्पासाहेबांना सत्ता हवी होती, कंपनीला फौज घुसवायची होती. २७ मे १८१६ रोजी गुपचूप तह झाला. गोळी न झाडता राज्य गहाण पडले!

पुढे आप्पासाहेब उलटले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत त्यांचा पराभव झाला. १८१८ मध्ये जेंकिन्सने त्यांना कैद केले, ते निसटले, आणि महादेव डोंगरातील गोंडांनी त्यांना आसरा दिला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला हल्ला करून घेतला. अल्पवयीन तिसऱ्या रघुजीला गादीवर बसवून जेंकिन्सने १८२६ पर्यंत त्याच्या नावाने कारभार हाकला. गादी भोसल्यांची, शिक्का भोसल्यांचा, हुकूम मात्र रेसिडेंटचा! या मुलखाविषयी त्याने लिहिलेला १८२७ चा अहवाल अभ्यासक आजही वाचतात. त्याची बुद्धी आणि मेहनत आम्ही नाकारीत नाही. विलायतेत तो पार्लमेंटचा सभासद आणि कंपनीचा अध्यक्षही झाला.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले आणि त्याच महिन्यात जेंकिन्सही वारला. १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. ज्या गोंडांनी चांद्यावर १७५१ पर्यंत राज्य केले, त्यांना या कुठल्याच तहात कोणी विचारले नाही. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके उठले, तेव्हा त्यांना चांद्यात फाशी मिळाली. पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारजमा होत गेले.

वकिली करताना आम्ही रोज पाहतो की, ज्याच्या हाती कागद, त्याची जमीन. राजे आणि रेसिडेंट यांच्या वाटाघाटीत रयत कुठेच नसते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९३० साली गोलमेज परिषदेत आपला हक्क स्वतः मांडला आणि इंग्रजांनी अस्पृश्यतेबाबत काय केले, असा जाबही विचारला. पेशवाईला विरोध म्हणजे इंग्रजांची भाटगिरी नव्हे, हा धडा त्यांनीच घालून दिला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने कागद गावाच्या नावे होऊ शकतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये तो मिळवून दाखविला. आमच्या कार्यकर्त्यांनी गोंड, माडिया बांधवांसोबत ग्रामसभेत बसावे, दावे वाचावे, नकाशे तपासावे. आपल्या वतीने दुसऱ्याने सही करण्याचे दिवस संपविणे आता आपल्याच हाती आहे.