मुलांच्या मनाचा मापारी : आल्फ्रेड बिने

परीक्षा म्हटली की आम्हां विद्यार्थ्यांच्या छातीत धडकी भरते. गुणपत्रिकेवरील आकडा हीच आपली योग्यता, असे घरचे वडीलधारे मानतात आणि हळूहळू आपणही मानू लागतो. परंतु ज्या पुरुषाने मुलांच्या बुद्धीला पहिले उपयुक्त माप लावले, तो स्वतःच त्या मापाच्या दुरुपयोगाला भीत होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्या आल्फ्रेड बिने यांचे चरित्र म्हणूनच आम्हांस आपलेसे वाटते.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. हे नगर तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होते. ते १८६० साली फ्रान्सकडे आले. वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत, तर आई चित्रकार होती. आईवडील विभक्त झाल्यामुळे बाल आल्फ्रेडचे संगोपन आईनेच केले. १८७८ साली त्यांनी पॅरिसमध्ये कायद्याची पदवी मिळविली, पण त्या विषयात त्यांचे मन रमेना. राष्ट्रीय ग्रंथालयात बसून, कोणाही गुरूवाचून, ते मानसशास्त्राचे ग्रंथ वाचू लागले.

१८८३ साली ते सालपेत्रिएर रुग्णालयात विख्यात शार्को यांच्या हाताखाली काम करू लागले. संमोहित रुग्णांवर लोहचुंबकाचा परिणाम होतो, असे त्यांनी सहकारी फेरे यांच्यासह प्रतिपादन केले. बेल्जियमच्या देल्बफ यांनी मात्र तो परिणाम चुंबकाचा नसून प्रयोगकर्त्याच्या सूचनेचा असल्याचे दाखवून दिले. पुढे बिने यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. विचारणाऱ्याची इच्छा उत्तर देणाऱ्याच्या मुखातून नकळत बोलू लागते, हा धडा त्यांनी जन्मभर विसरला नाही. मस्तकाच्या मापावरून बुद्धी ठरविण्याचा प्रयत्नही त्यांनी करून पाहिला. पण हुशार व मंद मुलांतील अंतर इतके सूक्ष्म आढळले, की आपल्या हातून पक्षपात तर होत नाही ना, अशी शंका त्यांना स्वतःविषयीच आली.

१८९१ पासून ते सॉर्बोनच्या प्रयोगशाळेत विनावेतन काम करीत होते. परंतु त्यांची खरी प्रयोगशाळा घरीच होती. मादलेन व आलिस या आपल्या दोन कन्यांचे ते वर्षानुवर्षे निरीक्षण करीत. दोघी एकाच घरात वाढलेल्या. तथापि थोरली समोरची वस्तू नेमकेपणाने टिपणारी, तर धाकटी कल्पनेत रमणारी होती. हे निरीक्षण १९०३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. दोन बहिणींचे स्वभाव जर इतके भिन्न, तर हजारो मुलांना एकच साचा कसा पुरावा?

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळे साहाय्य द्यावयाचे होते. केवळ खोडकर म्हणून एखादे मूल शाळेबाहेर ढकलले जाईल, अशी बिने यांना धास्ती होती. म्हणून त्यांनी तरुण डॉक्टर तेओदोर सिमों यांच्यासह १९०५ साली तीस कसोट्यांची श्रेणी सिद्ध केली. १९०८ साली या कसोट्या वयाप्रमाणे लावण्यात आल्या: तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे, नऊ वर्षांच्या मुलाने वीस सूंतून उरलेली मोड परत द्यावी. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली व न वाढणारी वस्तू आहे, हे मत त्यांनी १९०९ साली निक्षून नाकारले. मंद मुलांचे अवधान व स्मरण वाढविणारे व्यायामही त्यांनी सुचविले. १८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षी, ते निवर्तले.

पुढील वर्षीच जर्मनीत श्टेर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची रीत काढली. मग एकाच आकड्यावरून मुलावर कायमचा शिक्का मारण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ झाली. बिने यांना नेमके हेच नको होते.

त्यांची श्रेणी मात्र देशोदेशी गेली. १९१५ साली इब्राहिम अलाएत्तिन गोव्सा यांनी ती तुर्की भाषेत आणली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागातील कन्नड व मराठी मुलांसाठी तिची नवी आवृत्ती तयार केली आणि त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. हे काम नुसत्या भाषांतराचे नव्हे. फ्रेंच मुलाचा सू तुर्की मुलाच्या हाती नव्हता. तेथे कुरुश होता. शिवाय वडिलांच्या दुकानात बसणारे मूल मोड लवकर शिकते. म्हणून प्रत्येक प्रश्न त्या त्या देशातील पुष्कळ मुलांना विचारून पाहावा लागतो. काही आठवड्यांनी पुन्हा विचारून उत्तरे टिकतात की नाही, हेही ताडावे लागते. मुलांचा व कुमारांचा स्वभाव जोखणारी प्रश्नावली तुर्कीत आणावयाची झाली, तरी नियम हाच. कसोटीचीच कसोटी आधी घ्यावयाची, मुलाची नंतर.

धान्य मोजणारा मापारी आपले माप खोटे नाही ना, हे आधी पाहतो. बिने यांनी तेच केले. गुणपत्रिका हाती घेताना त्यांचे स्मरण आम्ही ठेवू: आज आपण कोठे उभे आहोत, एवढेच तो आकडा सांगतो, आपण कोठवर जाऊ, हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.