विश्लेषण : एका हंगामात सरासरी ५०.४ गुण! सर्वकालीन फँटसी संघात विल्ट चेंबरलेनची खरी किंमत किती?

वेगवेगळ्या दशकांतील खेळाडू एकत्र आणून ‘सर्वकालीन’ फँटसी संघ बांधण्याचा खेळ बास्केटबॉलच्या चाहत्यांना नवा नाही. आपल्याकडे ब्रॅडमन की सचिन हा वाद जसा कधी संपत नाही, तसाच तिकडे विल्ट चेंबरलेनचा वाद. नुसते आकडे पाहिले, तर त्याच्या आसपास कोणी फिरकत नाही. एका हंगामात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण, एका सामन्यात १०० गुण आणि आणखी एका सामन्यात ५५ रिबाउंड. तरीही त्याला संघात घेताना अनेक जण कचरतात. तो काळच वेगळा होता, असे त्यांचे म्हणणे असते. तो काळ नेमका किती वेगळा होता आणि त्या आकड्यांचे आजच्या हिशेबात काय होते, हे समजून घेऊ.

विल्ट चेंबरलेन कोण होता?

चेंबरलेनचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, कष्टकरी आईवडिलांच्या मोठ्या कुटुंबात झाला. ओव्हरब्रूक हायस्कूलमध्ये असतानाच त्याचे नाव देशभर पोहोचले होते. उंची ७ फूट १ इंच. पण केवळ उंचीवर तो मोठा झाला नाही. तो उत्तम धावपटू होता, उंच उडीतही चमकला होता.

१९५५ मध्ये तो कॅन्सस विद्यापीठात गेला. १९५७ च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन अंतिम सामन्यात तीन वेळा जादा वेळ खेळूनही कॅन्सस संघ नॉर्थ कॅरोलायनाकडून ५४-५३ असा एका गुणाने हरला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू चेंबरलेन ठरला, पण करंडक दुसऱ्यांकडे गेला. पुढे त्याच्या कारकिर्दीत हेच पुन्हा पुन्हा घडणार होते.

१९५८ मध्ये त्याने विद्यापीठ सोडले. आपल्या तुकडीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत एनबीएमध्ये खेळता येणार नाही, असा तेव्हा नियम होता. त्यामुळे वर्षभर तो हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनीय सामने खेळणाऱ्या संघासोबत फिरला. १९५९ मध्ये तो फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून एनबीएत उतरला आणि पहिल्याच हंगामात सरासरी ३७.६ गुण व २७ रिबाउंड अशी कामगिरी केली. सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही किताब त्याला एकाच वर्षी मिळाले. लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश मिळून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती.

१९६१-६२ चा हंगाम एवढा गाजतो कशामुळे?

या हंगामात चेंबरलेनने ८० सामन्यांत ४,०२९ गुण केले. एका हंगामात ४,००० गुणांचा टप्पा ओलांडणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू आहे. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने १०० गुण केले. प्रेक्षक होते ४,१२४. सामना दूरचित्रवाणीवर दाखवला गेला नाही, त्यामुळे त्याचे चित्रण उपलब्ध नाही.

आणखी एक आकडा याहून चक्रावून टाकणारा आहे. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो. चेंबरलेन त्या हंगामात सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटे खेळला. जादा वेळेच्या सामन्यांमुळे ही सरासरी ४८ च्या वर गेली. संपूर्ण हंगामात तो फक्त आठ मिनिटे मैदानाबाहेर होता, तेही पंचांनी बाहेर काढल्यामुळे.

असे असूनही त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला मिळाला. तेव्हा हे मतदान खेळाडूच करत असत. म्हणजे चेंबरलेनचे आकडे आणि त्याची किंमत एकच आहे का, हा प्रश्न त्याच्या समकालीनांनाही पडला होता.

त्या ५० गुणांचे आज किती होतील?

त्यासाठी थोडे गणित करावे लागेल. १९६१-६२ मध्ये एक संघ सामन्यात सरासरी १०८ वेळा बास्केटकडे चेंडू फेकत असे आणि त्यातले ४३ टक्क्यांच्या आसपास फेक यशस्वी होत. २०२३-२४ मध्ये हेच प्रमाण ८९ फेक आणि ४७ टक्के होते. म्हणजे तेव्हा खेळ वेगवान होता, पण नेम कच्चा होता. संघाचे सरासरी गुण मात्र दोन्ही काळांत फारसे वेगळे नाहीत. तेव्हा ११९, आता ११४.

पहिली पायरी मिनिटांची. आजचे प्रमुख खेळाडू साधारण ३६ मिनिटे खेळतात. ४८.५ मिनिटांत ५०.४ गुण, तर ३६ मिनिटांत ३७.४ गुण.

दुसरी पायरी वेगाची आणि इथे दोन वाटा फुटतात. संधी कमी झाल्या म्हणून १०८ फेकांचे ८९ केले, तर उत्तर येते ३१. पण आज सगळ्यांचाच नेम सुधारला आहे, त्याचाही सुधारला असता असे धरून संघाच्या एकूण गुणांशी तुलना केली, तर उत्तर येते ३६. दोन्ही रीती चुकीच्या नाहीत. पहिली रीत चेंबरलेनला जसाच्या तसा उचलून आजच्या मैदानावर ठेवते. दुसरी रीत तो आजच्या काळात घडला असता, असे मानते.

रिबाउंडचा हिशेब सोपा आहे. तेव्हा नेम जास्त चुकायचे, म्हणून रिबाउंडही जास्त मिळायचे. संघामागे सरासरी ७१. आज हा आकडा ४४ च्या आसपास आहे. मिनिटे आणि हे प्रमाण दोन्ही लावले, की चेंबरलेनचे २५.७ रिबाउंड साडेअकरा ते बारावर येतात. सरासरी ३१ गुण आणि साडेअकरा रिबाउंड हे आजच्या चाहत्याला ओळखीचे वाटेल. यानिस अँटेटोकूम्पोने २०२३-२४ मध्ये ३०.४ गुण आणि ११.५ रिबाउंड अशी सरासरी राखली होती.

मग हे रूपांतर न्याय्य आहे का?

पूर्णपणे नाही. वेग हा त्या काळाचा गुण होता, पण न थकता सामनाभर खेळणे हा चेंबरलेनचा स्वतःचा गुण होता. त्याच हंगामात रसेल सामन्यामागे ४५ मिनिटे खेळत होता. म्हणजे तेव्हाचे प्रमुख खेळाडू आजच्यापेक्षा जास्त वेळ मैदानावर असत हे खरे, पण चेंबरलेन त्यांच्याही पुढे होता. त्याला सरसकट ३६ मिनिटांत बसवले, की त्याची ही ताकदच हिशेबातून गायब होते.

त्याच्यासमोर बुटके आणि हौशी खेळाडू होते, हा आक्षेपही तपासून घ्यायला हवा. लीगमध्ये तेव्हा फक्त नऊ संघ होते, आज तीस आहेत. जागा कमी असल्याने एकाच तगड्या प्रतिस्पर्ध्याशी वर्षभरात अनेकदा गाठ पडायची. रसेल आणि चेंबरलेन कारकिर्दीत १४० हून अधिक वेळा समोरासमोर आले. १९६१-६२ मध्येच पदार्पण करणारा वॉल्ट बेलामी ६ फूट ११ इंच उंच होता आणि त्याने सरासरी ३१.६ गुण केले होते. दुसरीकडे, आजच्यासारखे जगभरातून आलेले खेळाडू तेव्हा नव्हते, हेही तितकेच खरे.

त्याच्यामुळे नियमही बदलले?

हो. बास्केटखाली एक रंगवलेला पट्टा असतो. आक्रमण करणाऱ्या खेळाडूला त्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ थांबता येत नाही. १९६४ मध्ये एनबीएने हा पट्टा १२ फुटांवरून १६ फूट रुंद केला. चेंबरलेनसारख्या उंच खेळाडूंना बास्केटपासून दूर ठेवणे हा त्यामागचा उद्देश होता. तरीही त्यानंतरच्या दोन हंगामांत त्याची सरासरी ३४.७ आणि ३३.५ राहिली आणि दोन्ही वेळा लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचेच होते.

आकडेवारीत त्याचे रकाने रिकामे का दिसतात?

फँटसी लीगमध्ये साधारणपणे नऊ रकाने मोजले जातात. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन गुणांचे फेक, मैदानी फेकांची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर. यातील ब्लॉक आणि स्टीलची अधिकृत नोंद एनबीएत १९७३-७४ पासून सुरू झाली, टर्नओव्हरची १९७७-७८ पासून, तर तीन गुणांची रेषा १९७९-८० मध्ये आली. चेंबरलेन आपला शेवटचा सामना १९७३ च्या मे महिन्यात खेळला. म्हणजे नऊपैकी चार रकाने त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत कोरे आहेत.

त्यातल्या ब्लॉकचे नुकसान सर्वांत मोठे. प्रतिस्पर्ध्याचा फेक हवेतच अडवणे ही त्याची आणि रसेलची खासियत होती. त्या रकान्यात शून्य धरले, तर इतिहासातील दोन सर्वोत्तम बचावपटू फँटसीच्या हिशेबात बचावाविना उरतात.

फ्री थ्रोचा रकाना मात्र भरलेला आहे आणि तो चेंबरलेनच्या विरोधात जातो. कारकिर्दीत त्याची टक्केवारी ५१.१ होती. १९६१-६२ मध्ये दोन्ही हातांनी खालून चेंडू टाकण्याच्या पद्धतीने त्याने ६१ टक्के फ्री थ्रो यशस्वी केले. शंभर गुणांच्या सामन्यात तर ३२ पैकी २८. पण ती पद्धत त्याला लाजिरवाणी वाटली आणि त्याने ती सोडली. हे त्याने आत्मचरित्रात मान्य केले आहे. १९६७-६८ मध्ये ही टक्केवारी ३८ पर्यंत घसरली. याचा दोष काळाला देता येत नाही.

एवढे असून जेतेपदे दोनच का?

रसेलने १३ हंगामांत ११ जेतेपदे मिळवली. चेंबरलेनला १४ हंगामांत दोन मिळाली. त्यामुळे मोठ्या सामन्यांत हरणारा हा शिक्का त्याच्यावर आयुष्यभर राहिला. १९६२, १९६५, १९६८ आणि १९६९ या चार वर्षी त्याचा संघ बोस्टनविरुद्ध मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात हरला. पराभवाचे अंतर अनुक्रमे दोन, एक, चार आणि दोन गुण. म्हणजे चारही सामन्यांत मिळून अवघे नऊ गुण!

दरम्यान, त्याचा खेळ बदलत गेला. १९६५ मध्ये तो फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडे आला होता. १९६६-६७ मध्ये प्रशिक्षक अ‍ॅलेक्स हॅनम यांच्या सांगण्यावरून त्याने स्वतः गुण करण्याऐवजी चेंडू वाटायला सुरुवात केली. १९६१-६२ मध्ये सामन्यामागे जवळपास ४० फेक करणारा हा खेळाडू आता सुमारे १४ फेक करू लागला. गुण २४.१ वर आले, पण टक्केवारी ६८.३ वर गेली आणि असिस्ट ७.८ झाले. संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले, सलग आठ वेळा विजेत्या ठरलेल्या बोस्टनला ४-१ ने हरवले आणि जेतेपद मिळवले. पुढच्या हंगामात तर लीगमधील सर्वाधिक ७०२ असिस्ट चेंबरलेनच्या नावावर होते.

१९६८ मध्ये तो लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. तिथे बचाव आणि रिबाउंड हे त्याचे मुख्य काम झाले. १९७१-७२ मध्ये लेकर्सने सलग ३३ सामने जिंकले आणि जेतेपदही पटकावले. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. अखेरच्या हंगामात त्याचे सरासरी गुण फक्त १३.२ होते, पण फेकांची टक्केवारी ७२.७ होती.

निवृत्तीनंतर काय केले?

व्हॉलीबॉल हे त्याचे दुसरे प्रेम. व्यावसायिक व्हॉलीबॉल लीगच्या उभारणीत त्याने पुढाकार घेतला. १९८४ मध्ये ‘कॉनन द डिस्ट्रॉयर’ या चित्रपटात तो पडद्यावर दिसला. कॅन्ससमधील पराभवाची सल त्याला इतकी होती, की अनेक वर्षे तो विद्यापीठापासून दूर राहिला. अखेर १९९८ मध्ये तो तिथे परतला आणि त्याची १३ क्रमांकाची जर्सी सन्मानाने निवृत्त करण्यात आली. १२ ऑक्टोबर १९९९ रोजी लॉस एंजेलिसमधील घरी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तेव्हा त्याचे वय ६३ होते. कारकिर्दीतील ३१,४१९ गुणांचा त्याचा विक्रम पुढे मोडला गेला, पण २३,९२४ रिबाउंडचा विक्रम आजही अबाधित आहे.

मग संघात घ्यायचा, तर कोणता चेंबरलेन?

वेग, मिनिटे आणि नेम यांचा फरक गणिताने बऱ्याच अंशी काढून टाकता येतो. पण संघाने खेळाडूकडे काय मागितले होते, हे कोणत्याही सूत्रात बसत नाही. ५० गुण करणारा आणि ७०२ असिस्ट देणारा माणूस एकच होता. मधल्या काळात बदलली ती त्याची भूमिका.

म्हणून सर्वकालीन संघ बांधताना आधी नियम ठरवावा. केवळ गुणांची बेरीज मोजणारा खेळ असेल, तर १९६१-६२ चा चेंबरलेन घ्यावा आणि त्याचे गुण ३१ ते ३६ च्या दरम्यान धरावेत. नऊ रकान्यांचा खेळ असेल, तर फ्री थ्रोचा रकाना गेलाच असे समजून चालावे आणि ब्लॉकचा कोरा रकाना शून्य धरायचा नाही, हे सर्वांनी आधीच मान्य करावे. आणि पाच दिग्गज एकत्र खेळून सामना जिंकतील का, हा प्रश्न असेल, तर १९६६-६७ चा चेंबरलेन निवडावा. त्या पाचांत गुण करणारे आणखी चौघे असतीलच. चेंडू वाटणारा, रिबाउंड घेणारा आणि १४ फेकांतच आपले काम उरकणारा ७ फूट १ इंचाचा खेळाडू मात्र दुसऱ्या कोणत्याही काळात शोधून सापडणे कठीण आहे.