खाशाबा आणि जपानी मल्ल

लहानपणी वडील मला माळेगावच्या यात्रेत कुस्त्या पाहायला नेत. फडात मल्लाचे गाव पुकारले जाई. त्या गावचा पाटील कसा वागतो, हे कोणी विचारीत नसे. खाशाबा जाधवांचे चरित्र वाचताना हे आठवले.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर येथे झाला. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. महायुद्धामुळे जर्मनी व जपान यांना तेथे निमंत्रण नव्हते. युद्ध केले राज्यकर्त्यांनी, घरी बसले खेळाडू!

१९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबांना वर्गणी गोळा करावी लागली. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. या वेळी जपानला प्रवेश होता. जपानच्या शोहाची इशीई याने खाशाबांना हरवून सुवर्णपदक जिंकले. खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. इशीईवर बंदी असती तर कदाचित पदकाचा रंग बदलला असता, पण त्याचे मोल घटले असते.

दक्षिण आफ्रिकेवरील बंदी मला योग्य वाटते. कारण तेथे काळ्या खेळाडूंना संघातच जागा नव्हती, म्हणजे अन्याय मैदानावरच होता. एरवी राज्यकर्त्यांचे पाप मल्लाच्या माथी मारू नये.

पुढे पोलीस खात्यात नोकरी केलेले खाशाबा १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात वारले. तुल्यबळ मल्लांशी झुंजून मिळवलेले त्यांचे कांस्यपदक म्हणूनच मला सोन्याहून मोलाचे वाटते.