पुढचा वर्ग काढून देणारे भाऊसाहेब

दहावी-बारावीचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवस आपल्याकडे दुसरा विषयच नसतो. कोणाच्या मुलाला किती टक्के पडले, कोणाची मुलगी केंद्रातून पहिली आली, कोणाचा फोटो पेपरात आला! पेढे वाटले जातात, सत्कार होतात. छानच आहे, लेकरांचं कौतुक व्हायलाच पाहिजे. पण मैत्रिणींनो, या टक्केवारीच्या आधी एक साधा प्रश्न असतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही. जे मूल हुशार आहे, त्याच्या गावात त्याच्यासाठी पुढचा वर्ग आहे का? नसेल तर जिथं तो वर्ग आहे तिथवर त्याला कोण पोचवणार? तिथं ते राहणार कुठं, जेवणार काय आणि पैसे कोण भरणार?

आपल्या वऱ्हाडात एका माणसानं हे प्रश्न आधी स्वतः भोगले आणि मग जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांसाठी सोडवले. ते म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख, आपल्या सगळ्यांचे भाऊसाहेब. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. २७ डिसेंबरला शाळा-शाळांमधून त्यांची जयंती होते. फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात आणि मुलं घरी जातात. पण हा मोठा माणूस लहानपणी कसा शिकला, हे त्या मुलांना माहीत असतंच असं नाही. ते ऐकलं तर आपल्या खेड्यातल्या शाळेतलं लेकरूही म्हणेल, हे तर आपलंच चाललंय!

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ नावाच्या खेड्यातला. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचं. पापळला प्राथमिक शाळा होती, पण तिथं चौथीचा वर्गच नव्हता. मुलगा हुशार, त्याला पुढे शिकायचं आहे, पण गावात पुढचा वर्ग नाही! त्यासाठी त्याला चांदूर रेल्वेला जावं लागलं. त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी तो आला कारंजा लाडला आणि तिथून अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमध्ये गेला.

कारंजा म्हटलं की आपल्याला गुरुमंदिर आठवतं, जुनी जैन मंदिरं आठवतात. पण याच गावात भाऊसाहेब शाळेत जात होते, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला आणि कारंजा आपल्याकडे आलं. त्या अर्थानं भाऊसाहेबांच्या शिक्षणातला एक टप्पा आपल्याच जिल्ह्याच्या मातीत पार पडला आहे. त्याचा अभिमान वाटायलाच हवा, पण त्यासोबत थोडा विचारही करायला हवा.

शाळकरी वयात या मुलानं चार गावं पाहिली. दरवेळी नवीन गाव, नवीन मास्तर, परक्या घरचं अन्न. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा हाताशी आला की ढोरं सांभाळतो, पेरणीला मदत करतो. त्याला परगावी पाठवणं म्हणजे शेतीतला एक गडी कमी करणं. आणि आईच्या जिवाला किती घोर, ते मी तुम्हाला काय सांगावं! तरी शामराव आणि राधाबाईंनी मुलाला पुढे जाऊ दिलं. भाऊसाहेबांच्या हुशारीचं कौतुक करताना या दोघांना विसरून चालणार नाही. ते एका ठिकाणी जरी थांबले असते, पुरे झालं आता, असं म्हणाले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मॅट्रिकनंतर भाऊसाहेब पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. तिथलं शिक्षण पुरं व्हायच्या आधीच, १९२० मध्ये ते इंग्लंडला निघाले. घरची शेती होती, पण विलायतेला पाठवण्याइतका पैसा शेतकऱ्याजवळ कुठून असणार? वडिलांनी शेतीवर कर्ज उचललं. तिकडे भाऊसाहेबांनी एडिंबरो विद्यापीठातून एम.ए. केलं, संस्कृतसाठीची शिष्यवृत्ती मिळवली, बॅरिस्टर झाले आणि ऑक्सफर्डमध्ये वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली. शेतकऱ्याच्या पोराला वेदाशी काय करायचं आहे, असं म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते. त्यांना भाऊसाहेबांनी वाद न घालता अभ्यासानं उत्तर दिलं.

१९२६ मध्ये ते परत आले. एवढा शिकलेला बॅरिस्टर, मुंबई-नागपूरला वकिली केली असती तर बंगला-गाडी काही लांब नव्हती. पण त्यांनी अमरावतीला बस्तान बसवलं आणि काही काळातच तिथं श्रद्धानंद छात्रालय सुरू केलं. खेड्यातून आलेल्या मुलांनी राहायचं कुठं, हा प्रश्न त्यांनी स्वतः सोसला होता ना! या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली, तेव्हाही भाऊसाहेब त्या चळवळीच्या बाजूनं उभे होते.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. हातात सत्ता आल्यावर त्यांनी काय केलं? प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. शाळा वाढवायच्या तर पैसा लागतो, म्हणून शिक्षणासाठी कर वाढवायलाही ते कचरले नाहीत. करवाढ म्हटली की पुढाऱ्याला घाम फुटतो, हे आपण जाणतोच. पण ज्याच्या गावात चौथीचा वर्ग नव्हता त्या माणसाला माहीत होतं, की शाळा नुसत्या भाषणानं उघडत नसते.

१९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे होती. याच काळात शेतकऱ्यांच्या कर्जाचा तडजोडीनं निकाल लावणारा कर्ज लवाद कायदा पुढे आला, त्यामागे भाऊसाहेबांचा मोठा हात होता. १९३३ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. सावकाराचं कर्ज आणि लेकरांची शाळा यांचा काय संबंध, हे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. पीक बुडालं की सगळ्यात आधी कोणाची शाळा सुटते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. बहुतेक वेळा ती मुलीची असते. भाऊसाहेबांनी शिक्षण आणि शेती ही दोन कामं कधी वेगळी मानलीच नाहीत, याचं कारण हेच.

१९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. या संस्थेनं अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ अशा आपल्या सगळ्या भागात शाळा, कॉलेजं, वसतिगृहं काढली. खेड्यातल्या किती घरांत पहिला मॅट्रिक झालेला माणूस भाऊसाहेबांनी काढलेल्या शाळेतला असेल, त्याची मोजदाद कोण करणार? आजही आपल्या भागात जुन्या माणसांना विचारा, शिकलात कुठं? शिवाजी शाळेत, असं उत्तर किती तरी जण देतात.

आता थोडं विमलाबाईंबद्दल, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धवट राहील. १९२७ मध्ये भाऊसाहेबांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी लग्न केलं. विमलाबाई सोनार समाजातल्या, म्हणजे हा आंतरजातीय विवाह. आजही गावात अशा लग्नावरून काय काय बोललं जातं, मग त्या काळी काय झालं असेल! पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. लग्न झालं, घर-संसार आला, म्हणून विमलाबाईंचं शिक्षण संपलं नाही. त्या बी.ए. झाल्या, वकिलीची एलएल.बी. पदवीही त्यांनी घेतली. भाऊसाहेबांच्या पश्चात, १९६७ मध्ये, त्या राज्यसभेवर गेल्या. जो माणूस दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढत होता, त्याच्या घरातली बाईही शिकत होती. बाहेर स्त्रीशिक्षणावर भाषण आणि घरात मात्र, तुला काय करायचं शिकून, असं त्यांच्याकडे नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण असे पुढारी आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहेत.

पुढचं बरंचसं तुम्हाला ठाऊक असेल. भाऊसाहेब घटना समितीचे सदस्य होते. अमरावतीतून ते लोकसभेवर निवडून गेले आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं केंद्रात शेती खात्याचे मंत्री होते. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, तेही त्यांच्याच पुढाकारानं. मागासवर्गीय मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी ते सतत भांडत राहिले. १० एप्रिल १९६५ ला त्यांचं निधन झालं. चार वर्षांनी, १९६९ मध्ये, अकोल्याचं कृषी विद्यापीठ सुरू झालं, त्याला त्यांचं नाव देण्यात आलं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची, आकांक्षित जिल्हे म्हणून, यादी केली. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते. गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि आपलं वाशीम. यादीत नाव आलं म्हणून काही जणांना वाईट वाटलं. मला मात्र तिथं शिक्षणाचं काय काय मोजतात ते महत्त्वाचं वाटलं. मुलांना भाषा आणि गणित किती येतं हे मोजतात, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का हे पाहतात, आणि प्राथमिक शाळेतून पुढच्या वर्गात, तिथून माध्यमिक शाळेत किती मुलं जातात हेही मोजतात. म्हणजे प्रश्न तोच, पापळच्या मुलाचा! पुढचा वर्ग आहे का, आणि मूल तिथवर पोचतं का?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गावापासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक आणि तीन किलोमीटरच्या आत त्यापुढची शाळा असावी, असं त्यात ठरलं. पण हा हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे साधारण आठवीपर्यंतचा. नववीची जबाबदारी येते आई-बापावर. आणि नेमकी तिथंच आपली मुलगी वयात येते, घरात काम करण्याजोगी होते आणि स्थळांची चर्चाही सुरू होते.

मंडळाच्या कामानिमित्त आमचं खेड्यांत जाणं होतं. वर्गात पहिली-दुसरी येणाऱ्या मुली सोयाबीनच्या हंगामात वावरात दिसतात. विचारलं तर आई सांगते, शाळा चार-पाच किलोमीटरवर आहे, संध्याकाळची एस.टी. वेळेवर येत नाही, येता-जाता टारगट पोरं असतात, अंधार पडला की जीव टांगणीला लागतो. त्या माउलीला अडाणी म्हणून दोष देणं सोपं आहे. पण तिची भीती खरी आहे. ती दूर करायची तर तिला उपदेशाचा काय उपयोग? तिला एस.टी. वेळेवर हवी आहे.

सोयी काही प्रमाणात आहेत. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, खास बसेस आहेत. पण पास आहे आणि बस वेळेवर नाही, सायकल आहे आणि रस्ता नाही, असं असेल तर गाडं तिथंच अडतं. मग ग्रामसभेत बोलायला कोण उठणार? शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असाव्यात, असं कायद्यातच आहे. आपण त्यात नुसत्या सह्या करायला जायचं का? चार जणींनी मिळून एस.टी.च्या आगारात अर्ज दिला तर बसची वेळ बदलू शकते. मुलींना सोडायला-आणायला चार घरांनी पाळ्या लावल्या तर अंधाराची भीती निम्मी होते. या कामासाठी ना बॅरिस्टर व्हावं लागतं, ना मंत्री.

भाऊसाहेबांना पुढचा वर्ग मिळाला, कारण आई-वडिलांनी त्यांना गावाबाहेर जाऊ दिलं. त्यांच्या संस्थेच्या मुलांना तो मिळाला, कारण भाऊसाहेबांनी तो त्यांच्या गावाजवळ आणला. आज मुलींना तो मिळायचा तर या दोन्ही गोष्टी आपल्याला एकाच वेळी कराव्या लागतील.

म्हणून यंदा एक करून पाहा. शेजारची मुलगी सातवी किंवा आठवी पास झाली की तिला टक्के विचाराच, तिचं कौतुकही करा. पण शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा तिच्या घरी जा आणि तिच्या आईला विचारा, बाई, पोरीची टी.सी. कोणत्या शाळेत गेली? उत्तर आलं नाही, किंवा टी.सी. अजून जुन्या शाळेतच आहे असं कळलं, तर तिथून लगेच उठू नका. पदर खोचून बसा. बस, पास, फी, सोबत, यातलं नेमकं काय अडतंय ते विचारा, आणि त्यातलं एक तरी काम स्वतःकडे घेऊनच घरी या.