सहाशे रूबलची परतफेड

मादाम क्युरी म्हटलं की आपल्याला रेडियम आठवतं, दोन नोबेल पारितोषिकं आठवतात आणि काळ्या पोशाखातला तो गंभीर चेहरा आठवतो. त्यांच्या संशोधनाबद्दल आपल्या विज्ञानाच्या बाई माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगतील. मी इथे मांडणार आहे तो त्यांच्या शिक्षणाचा जमाखर्च. पॅरिसला जायला पैसे कुठून आले, शिष्यवृत्तीसाठी कोणी धावपळ केली आणि ते पैसे पुढे कुठे गेले, एवढंच.

मारिया स्क्लोडोव्स्काचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, वॉर्सातला. तिथे तेव्हा रशियाच्या झारचं राज्य होतं. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक, आई मुलींची शाळा चालवणारी. वडिलांची बढतीची जागा रशियन अधिकाऱ्यांनी काढून घेतली, साठवलेले पैसे एका व्यवहारात बुडाले आणि घरात विद्यार्थी राहायला-जेवायला ठेवण्याची वेळ आली. मारिया दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. १८८३ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती सुवर्णपदक घेऊन शाळेतून बाहेर पडली. पण पुढचं दार बंद होतं, कारण वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता.

मोठी बहीण ब्रोन्या हिला पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. मारियालाही पॅरिसच गाठायचं होतं. दोघींना पुरतील एवढे पैसे घरात नव्हते. मग दोघींनी आपसांत ठरवलं की आधी ब्रोन्याने जायचं आणि मारियाने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे. ब्रोन्या डॉक्टर झाली की तिने मारियाला बोलावून घ्यायचं.

१८८६ च्या जानेवारीत मारिया एका खेड्यातल्या श्रीमंत कुटुंबात मुलांना शिकवायला राहिली. पगार वर्षाला ५०० रूबल. त्यातले जवळजवळ निम्मे ती पॅरिसला पाठवायची. दिवसभर शिकवणी करायची आणि रात्री स्वतःच गणित आणि भौतिकशास्त्र वाचायचं. त्याच घरातल्या मोठ्या मुलाशी तिचं लग्न ठरू पाहत होतं, पण आपल्याकडे नोकरीला असलेली मुलगी सून म्हणून त्याच्या आईवडिलांना चालली नाही. एवढं होऊनही तिने नोकरी सोडली नाही, कारण ब्रोन्याचं शिक्षण अर्ध्यावर होतं. तिथे तिने तीन वर्षांहून अधिक काळ काढला. पुढे वडिलांनी जास्त पगाराची, पण नकोशी वाटणारी नोकरी पत्करली आणि ब्रोन्याला पैसे पाठवायला लागले, तेव्हा कुठे मारियाला स्वतःसाठी थोडं बाजूला टाकता आलं.

१८९१ च्या नोव्हेंबरात ती पॅरिसला निघाली. वय २४. जर्मनीतून चौथ्या वर्गाच्या डब्यातून जायचं होतं, म्हणून बसायची खुर्ची तिने घरूनच घेतली होती. सॉर्बोन विद्यापीठात तिचं नाव फ्रेंच वळणाने मारी असं नोंदवलं गेलं. सुरुवातीला ती बहिणीकडे राहिली, मग विद्यापीठाजवळ पोटमाळ्यावरची खोली घेतली. महिन्याला साधारण १०० फ्रँक, म्हणजे ४० रूबल, एवढ्यात भाडं, जेवण, वह्या आणि कोळसा भागवायचा. अनेक दिवस पाव, लोणी आणि चहा यांवर निघत. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत ती पहिली आली.

पहिली आली आणि पैसे संपले. गणिताची पदवी राहिली होती आणि सुट्टीला वॉर्साला गेलेली मारी परत येऊ शकेल की नाही, हेच ठरत नव्हतं. तेव्हा तिच्या एका मैत्रिणीने परदेशी शिकणाऱ्या हुशार पोलिश विद्यार्थ्यांसाठी असलेल्या अलेक्झांड्रोविच शिष्यवृत्तीसाठी वॉर्सात खटपट केली. मारीला ६०० रूबल मिळाले. तिच्या हिशेबाने ते पंधरा महिन्यांचं जगणं होतं. त्या पैशांवर १८९४ मध्ये ती गणितात दुसरी आली.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याच सुमारास फ्रान्समधल्या एका उद्योग-संस्थेने तिला पोलादांच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास करण्याचं काम दिलं. या कामासाठी जागा शोधतानाच पिएर क्युरींशी ओळख झाली. कामाचे पैसे हातात आले तेव्हा तिने त्यातून ६०० रूबल बाजूला काढले आणि शिष्यवृत्ती देणाऱ्यांना परत केले. परत करायची अट नव्हती, कोणी मागितलेही नव्हते. तिच्या लेखी ते कर्ज होतं, आणि तिने ते फेडेपर्यंत दुसरं कोणीतरी गरजू पोर अडून राहिलं होतं.

१८९५ मध्ये लग्न झालं. डॉक्टरेटच्या संशोधनाला पगार नव्हता. घर पिएरच्या महिना ५०० फ्रँकवर चालायचं आणि १९०० पासून ती सेव्रला मुलींच्या अध्यापक विद्यालयात शिकवून त्यात भर घालायची. ऑस्ट्रियातून खनिजाचा एक टन चोथा फुकट मिळाला, पण आणण्याचा खर्च दोघांनी केला. जून १९०३ मध्ये डॉक्टरेट आणि त्याच डिसेंबरात नोबेल.

नोबेलच्या पैशांतून तिने ब्रोन्याच्या आरोग्यधामाला कर्ज दिलं, पोलिश विद्यार्थ्यांना मदत केली आणि आणखी एक गोष्ट केली. लहानपणी तिला फ्रेंच शिकवणाऱ्या बाई मूळच्या फ्रान्सच्या, लग्नानंतर पोलंडमध्येच राहिलेल्या. आपलं गाव पुन्हा पाहावं, ही त्यांची इच्छा होती. मारीने त्यांच्या जाण्यायेण्याचा सगळा खर्च केला. १९०७ मध्ये अँड्रयू कार्नेगी यांच्या देणगीतून तिच्या प्रयोगशाळेत तरुण संशोधकांसाठी शिष्यवृत्त्याही सुरू झाल्या. ४ जुलै १९३४ ला ती गेली.

सर, बाई, मित्रमैत्रिणींनो, हे सगळं लिहिण्यामागे एक हेतू आहे. माझी भाची नुकतीच रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला परदेशी गेली. तिथे फी माफ आहे आणि महिन्याला विद्यावेतनही मिळतं. पण अर्जांची फी, परीक्षेची फी, व्हिसा, तिकीट आणि पहिल्या महिन्याचं भाडं हे सगळं विद्यावेतनाचा पहिला हप्ता येण्याआधीच द्यावं लागतं. हुशार मुलं बऱ्याचदा नेमकी इथेच अडतात, आणि ही रक्कम एकट्याला मोठी असली तरी एका वर्गाला मोठी नसते.

संमेलनाच्या वर्गणीतून जे उरेल, त्याचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. माझी सूचना अशी की त्यातून आपल्या शाळेच्या, विज्ञानात पुढे शिकणाऱ्या एका मुलीचा किंवा मुलाचा हा सुरुवातीचा खर्च उचलावा. परतफेडीची अट नको. फक्त देताना ही सहाशे रूबलची गोष्ट सांगावी.