मदर सीटन : मोफत शाळेची माउली

अमेरिकेत मदर सीटन यांचे नाव धारण करणाऱ्या शाळा गावोगाव आढळतात. त्या नावामागचे आयुष्य मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

एलिझाबेथ बेली यांचा जन्म न्यूयॉर्क येथे २८ ऑगस्ट १७७४ रोजी झाला. वडील नामांकित डॉक्टर, घराणे प्रॉटेस्टंट पंथाचे. आईचे छत्र बालपणीच हरपले. एकोणिसाव्या वर्षी विल्यम सीटन या व्यापाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. पाच मुले झाली. घरी सुबत्ता होती, तरी गरिबांचा विसर पडला नाही. लहान मुले असलेल्या निराधार विधवांच्या मदतीसाठी १७९७ साली न्यूयॉर्कमध्ये एक मंडळ निघाले, त्यात त्या हिरिरीने काम करीत. थोड्याच वर्षांत आपल्यावरही तीच पाळी येणार आहे, याची त्यांना काय कल्पना!

पतीचा व्यापार बुडाला, क्षयाने प्रकृती ढासळली. हवापालट व्हावा म्हणून १८०३ साली पतिपत्नी थोरल्या मुलीसह इटलीला गेली. न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असल्याने लिव्होर्नो बंदरावर त्यांना थंडगार, ओलसर विलगीकरणगृहात कोंडून ठेवण्यात आले. तेथून सुटका झाल्यावर काही दिवसांतच, २७ डिसेंबरला, विल्यम वारले. अशा वेळी फिलिक्की या व्यापारी कुटुंबाने त्या मायलेकींना आधार दिला. त्यांच्या घरी एलिझाबेथना कॅथलिक श्रद्धेची जवळून ओळख झाली.

१४ मार्च १८०५ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट पीटर चर्चमध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. त्या काळी तेथे कॅथलिक म्हणजे बहुतेक गरीब परदेशी, अशी समजूत होती. आप्तांपैकी अनेकांनी पाठ फिरविली. धाकट्या नणंदेनेही तोच मार्ग धरला, तेव्हा तर रोष अधिकच वाढला. मुलांना शिकवून, विद्यार्थ्यांना घरी ठेवून पोट भरण्याचे त्यांचे प्रयत्नही टिकेनात. श्रद्धा सोडली असती तर सारे सुरळीत झाले असते. पण त्या डगमगल्या नाहीत.

१८०८ साली बाल्टिमोर येथे त्यांना मुलींची शाळा काढण्याची संधी मिळाली. पुढल्याच वर्षी त्या मेरीलँडमधील एमिट्सबर्ग या खेड्यात आल्या आणि ३१ जुलै १८०९ रोजी तेथे भगिनींचा सेवासंघ सुरू झाला. राहायला लहानसे दगडी घर. २२ फेब्रुवारी १८१० रोजी गरीब मुलींसाठी मोफत शाळा उघडली. तिचा खर्च भागावा म्हणून सधन घरच्या मुलींना वसतिगृहात ठेवून फी घेतली जाई. वाचन, लेखन, गणित यांबरोबर प्रार्थना आणि धर्मशिक्षण असे. भगिनी परिसरातील आजाऱ्यांची शुश्रूषाही करीत. पाठ आणि प्रार्थना जितकी महत्त्वाची, तितकीच शेजाऱ्याची सेवा, ही शिकवण मुलींना रोज डोळ्यांसमोर दिसे.

संघाच्या प्रमुख असूनही एलिझाबेथ आपल्या पाच मुलांच्या आईच राहिल्या. मुलांचे पालकत्व सोडण्यास त्या तयार नव्हत्या, म्हणून संघाच्या नियमांत त्यांच्यासाठी खास सवलत ठेवावी लागली. या माउलीची परीक्षा मात्र संपली नव्हती. थोरली ॲना मारिया १८१२ साली क्षयाने गेली. १८१६ साली धाकटी रिबेकाही गेली. दुःख उराशी धरून त्या पुन्हा वर्गात, रुग्णांच्या उशाशी आणि हिशेबाच्या वह्यांपाशी बसत. त्यांच्या हयातीतच संघाच्या भगिनी फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क येथील अनाथ मुलांच्या सेवेस गेल्या.

४ जानेवारी १८२१ रोजी क्षयानेच त्यांचा अंत झाला. वय अवघे ४६. १४ सप्टेंबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्यांना संतपद दिले. अमेरिकेत जन्मलेल्या त्या पहिल्या कॅथलिक संत.

जी बाई एकेकाळी विधवांना मदत करीत होती, ती स्वतः विधवा झाली, निर्धन झाली; आणि त्यानंतरच तिच्या हातून सर्वांत मोठे दान घडले. ते दान पैशाचे नव्हते, अक्षरांचे होते.