बादशाह खान : तुरुंगात पारखलेला सब्र

सब्र हा शब्द आपल्या घरांत रोज उच्चारला जातो. आजारपणात, गरिबीत, जवळच्या माणसाच्या निधनाच्या वेळी आपण एकमेकांना सब्राचा उपदेश करतो. मात्र अंगात बळ असताना, सूडाला निमित्त असताना आणि भोवतालचा समाज सूडालाच मर्दानगी मानत असताना सब्र करणे ही याहून अवघड कसोटी आहे. खान अब्दुल गफार खान या कसोटीला आयुष्यभर सामोरे गेले.

इ.स. १८९० मध्ये पेशावरच्या परिसरातील उतमानझई या गावी त्यांचा जन्म झाला. वडील बेहराम खान गावचे प्रतिष्ठित जमीनदार होते. तरुणपणी अब्दुल गफार यांना इंग्रजी सैन्यात अधिकारी होण्याची संधी चालून आली होती. परंतु एका इंग्रजाने हिंदी अधिकाऱ्याचा केलेला पाणउतारा पाहून त्यांनी ती नाकारली आणि १९१० मध्ये आपल्या गावात शाळा काढली. त्या काळी पठाणांमध्ये अपमानाचा बदला घेणे हे घराण्याचे कर्तव्य समजले जाई. एकेक वैर पिढ्यानपिढ्या चाले. निरक्षरता आणि आपसांतील वैर यांनी आपला समाज पोखरला आहे, हे गावोगाव हिंडताना त्यांना उमगले.

१९१९ मध्ये रौलेट कायद्याविरोधी चळवळीत त्यांना प्रथम अटक झाली. त्यांच्या धिप्पाड देहाला बसेल अशी बेडी तुरुंगात नव्हती. लहान बेडी ठोकल्यामुळे घोटे रक्तबंबाळ झाले. १९२१ मध्ये त्यांनी उतमानझई येथे आझाद इस्लामिया मदरसा सुरू केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. एकांत कोठडी, पायांत बेड्या आणि जात्यावर धान्य दळण्याचे काम असे ते दिवस होते. लाच देऊन सवलती मिळवण्याचा मार्ग तुरुंगात होता, पण तो त्यांनी पत्करला नाही. याच कैदेत असताना त्यांच्या मातोश्रींचे निधन झाले.

या अनुभवांतून त्यांची श्रद्धा अधिक गहिरी झाली. पैगंबर मुहम्मद (स.) आणि त्यांच्या सहाबांनी मक्केत तेरा वर्षे छळ सोसला. हजरत बिलाल (रजि.) यांना तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवला गेला, हजरत सुमय्या (रजि.) शहीद झाल्या, तरीही त्या काळात मुस्लिमांनी हात उचलला नाही. अहिंसा ही मुस्लिमांसाठी परकी शिकवण नाही, मक्केतील याच जीवनात तिचा आदर्श आहे, असे बादशाह खान सांगत. पुढे मदीनेत संरक्षणासाठी लढण्याची परवानगी मिळाली, हे प्रत्येक मुस्लिमाला ठाऊक आहे. बादशाह खानांनी मात्र स्वतःसाठी आणि आपल्या सूडग्रस्त समाजासाठी मक्केतील सब्राचा मार्ग निवडला.

१९२९ मध्ये त्यांनी खुदाई खिदमतगार ही संघटना उभारली. अल्लाहला कोणाच्या सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या निर्मितीची सेवा हीच त्याची सेवा, या विचारावर ती उभी होती. सूड घेणार नाही, जुलूम करणाऱ्याला क्षमा करीन, आपसांतील वैर सोडीन, अशी शपथ प्रत्येक खिदमतगार घेई. २३ एप्रिल १९३० रोजी बादशाह खानांना अटक झाली आणि त्याच दिवशी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. माणसे पडत राहिली, पण ज्यांच्या घराघरांत बंदुका होत्या त्या पठाणांनी शपथ मोडली नाही. गढवाली पलटणीतील चंद्रसिंह आणि त्यांच्या सोबत्यांनी या जमावावर गोळी झाडण्यास नकार दिला.

पंजाबातील गुजरात येथील तुरुंगात बादशाह खानांनी हिंदू आणि शीख कैद्यांसमवेत कुरआन, गीता आणि ग्रंथसाहिब यांचा अभ्यास केला. १९३४ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटल्यावर स्वतःच्या प्रांतात जाण्यास त्यांना बंदी होती, म्हणून ते वर्ध्याला गांधीजींकडे राहिले. मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना वर्ध्यातच अटक होऊन दोन वर्षांची शिक्षा झाली.

युद्धाच्या प्रश्नावर त्यांची परीक्षा १९४० मध्ये झाली. स्वातंत्र्याची मागणी मान्य झाल्यास दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांना साहाय्य करण्याची तयारी काँग्रेसने जुलै महिन्यात दाखवली आणि पुण्याच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब केले. बादशाह खान कार्यकारिणीतून बाहेर पडले. इंग्रजांशी झगडताना पाळायची आणि महायुद्धात बाजूला ठेवायची अशी अहिंसा त्यांना मान्य नव्हती. ती त्यांनी अल्लाहशी केलेली प्रतिज्ञा होती. समोरचा कोण आहे, यावरून ती बदलणार नव्हती.

सर्वांत कठीण कसोटी स्वातंत्र्यानंतर आली. फाळणीला त्यांचा विरोध होता. तरी पाकिस्तान झाल्यावर त्यांनी त्या राष्ट्राशी निष्ठेची शपथ घेतली. असे असूनही जून १९४८ मध्ये त्यांना अटक झाली. ते कैदेत असतानाच १२ ऑगस्ट रोजी चारसद्दा भागातील बाबडा येथे त्यांच्या निःशस्त्र अनुयायांवर गोळीबार झाला आणि संघटनेवर बंदी आली. १९५४ मध्ये सुटल्यावर त्यांनी सांगितले की, इंग्रजांशी वैर असूनही त्यांच्या वागण्यात काहीशी सभ्यता होती. आपल्या या इस्लामी राज्यात जे सोसले त्याचा उच्चारही करवत नाही. दुःख एवढे खोल होते, तरी सूडाची भाषा त्यांच्या तोंडी आली नाही. पुढेही वारंवार अटका झाल्या. आयुष्यातील २५ हून अधिक वर्षे त्यांनी कैदेत काढली.

२० जानेवारी १९८८ रोजी पेशावर येथे त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या इच्छेनुसार अफगाणिस्तानातील जलालाबाद येथे दफन झाले. तेथे युद्ध सुरू होते. जनाजा जावा म्हणून दोन्ही बाजूंनी शस्त्रे थांबवली. तरीही तेथे झालेल्या स्फोटांत माणसे मृत्युमुखी पडली.

परक्याने केलेला अन्याय सोसताना आपल्या माणसांची साथ असते. आपल्याच माणसांकडून अन्याय होतो, तेव्हा सोबतीला केवळ अल्लाह उरतो. भावाभावांतील वाटणीचा तंटा असो की शेजाऱ्याशी धरलेला अबोला, आपल्या घरांतील सब्राची परीक्षाही बहुधा आपल्याच माणसांसमोर होते. त्या घडीला क्षमा करण्याचे बळ अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.